ठकीची साखर

पहिल्यांदा कळलं ते मुंग्यांना. फेब्रुवारीची अखेर होती. मागच्या अंगणात आमची कुत्री ठकी जिथे लघवीला बसते, त्या फरशीवर रोज सकाळी मुंग्यांची रांग दिसायला लागली. मला वाटलं, कुणीतरी खरकटं सांडलंय. बाबा, म्हणजे माझे सासरे, काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हिला माझा रोग झालाय." बाबांचा मधुमेह वीस वर्षांचा. पूर्वी वैद्य लघवीला लागलेल्या मुंग्यांवरूनच ओळखायचे, असंही त्यांनी सांगितलं. मी ते आणखी चार दिवस हसण्यावारी नेलं.

ठकी आमची पांढरी, झुपकेदार शेपटीची, सगळे जिला पॉमेरियन म्हणतात तसली. वय नऊ. इंदूरला रामबागेतल्या आमच्या गल्लीत तिला ओळखत नाही असं कुणी नाही. पाण्याचं वाडगं दिवसातून एकदा भरायचं, ते आता चारदा भरावं लागत होतं. खायची नेहमीपेक्षा जास्त, आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. दवाखान्यात वजन केलं तर साडेदहाचं नऊ किलो झालेलं. रक्तातली साखर 468.

बाबांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "माझ्यातली अर्धी गोळी चालेल का?" मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा. ते हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, गोली से नहीं होगा, इंसुलिन ही लगेगा." कुत्र्यांचा मधुमेह बहुतेक वेळा लहान मुलांना होतो त्या जातीचा असतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच संपून जातात, मग गोळी काय करणार? दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, जन्मभर सुई. दुसरं त्यांनी जे विचारलं ते मला जास्त लागलं: "नसबंदी झालीय का?" नव्हती झाली. कशाला उगाच मुक्या जिवाची चिरफाड, असं म्हणत आम्ही नऊ वर्षं काढली होती. माजावर येऊन गेल्यावर मादीच्या शरीरात जी संप्रेरकं वाढतात, ती इन्सुलिनला काम करू देत नाहीत. ठकी जानेवारीत माजावर येऊन गेली होती. साखर जरा आटोक्यात आली की ऑपरेशन उरकून घ्या, असं त्यांनी बजावलं.

सुईची भीती मला होती, तिला नव्हती. ती सुई केसाएवढी बारीक असते. डॉक्टरांनी नुसतं सलाईन भरून मोसंबीवर सराव करायला सांगितलं, तो मी केला. पण मोसंबीला केस नसतात. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि त्या तंबूत सुई घालायची. पहिल्या दिवशी माझी सुई तंबूच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि सगळं औषध केसांत गेलं. बोटांना दवाखान्यासारखा वास आला, तेव्हा कळलं. पुन्हा टोचायला हात उचलला आणि डॉक्टरांचं वाक्य आठवलं: नेमकं किती आत गेलं हे माहीत नसेल तर दुसऱ्यांदा द्यायचं नाही. एक वेळ चुकली तर साखर थोडी वाढते, दुप्पट गेलं तर जीव जातो. तेव्हापासून वास घेऊन बघायची सवय लागली ती लागलीच.

औषध एनपीएच नावाचं इन्सुलिन, माणसांचंच, पातळ ताकासारखं पांढरट. खाली साका बसतो म्हणून ते हलवून घ्यायचं, पण खळखळून नाही. देवाच्या वाती वळतो तशी बाटली दोन तळव्यांत हळू फिरवायची. फ्रीजमध्ये मधल्या फळीवर, स्टीलच्या डब्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ नाही, कारण एकदा गोठलं की फुकट गेलं. झाकणावर उघडल्याची तारीख. महिन्याभरात उरलं तरी नवी बाटली.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

डोस ठरला दोन युनिट, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. बाटली आणली, सुया आणल्या, कालनिर्णयावर खुणा करायला पेन बांधून ठेवलं. आठवड्याने साखर बघितली तर 430. डॉक्टरांनी डोस तीनवर नेला, मग चारवर. तरी 400 च्या खाली यायला तयार नाही. ठकी तशीच पाणी पीत होती, रात्री दोनदा उठवत होती. मला वाटायला लागलं, आपलंच टोचणं चुकतंय. नवऱ्याला वाटत होतं, औषध खोटं आहे.

शेजारच्या काकू मेथीची जुडी द्यायला आल्या होत्या. त्यांच्या यजमानांना बरीच वर्षं इन्सुलिन चालू आहे. ओट्यावरची सुई त्यांनी उचलली, बाटली उचलली, चष्मा कपाळावर सारून दोन्ही वस्तू डोळ्यांजवळ नेल्या. "अगं, बाटली चाळीसची आणि सुई नारंगी टोपणाची? आमच्याकडे लाल असते."

बाटलीवर 40 लिहिलेलं होतं, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये 40 युनिट. सुईवर बारीक अक्षरात 100. शंभरची सुई शंभरच्याच औषधासाठी आखलेली असते, तिच्यावरच्या रेघा चाळीसच्या औषधाला लागू पडत नाहीत. मी चार रेघा भरत होते आणि ठकीच्या पोटात दीड युनिटच्या थोडंसंच वर जात होतं. तीन आठवडे! ज्या दुकानातून सुया आणल्या तिथल्या मुलाने "सब एक ही होती है" म्हणून दिल्या होत्या, आणि मीही टोपणाचा रंग बघितला नव्हता. उलटं झालं असतं, म्हणजे बाटली शंभरची आणि सुई चाळीसची, तर अडीचपट डोस गेला असता आणि हे लिहायचं कारणच उरलं नसतं. भारतात दोन्ही ताकदीच्या बाटल्या मिळतात. लाल टोपण चाळीसला, नारंगी शंभरला. घरात जो कुणी सुई देणार असेल त्याला आधी हे पाठ करून घ्यायला लावा, मग टोचायला शिकवा.

डॉक्टरांना लाजत लाजत फोन केला. ते क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, लाल सुई आणा आणि परत दोनपासून सुरू करा. चारवरून थेट चालू ठेवायचं नाही, हे मला सुचलंच नसतं.

साखर उतरायला लागली. पण काही संध्याकाळी आकडा एकदम वर उडी मारायचा, कधी 390, कधी 410. कालनिर्णयाच्या चौकोनात मी आकडेही लिहीत होते, तर लक्षात आलं की हे मंगळवारी आणि शुक्रवारी होतं. त्या दोन दिवशी माझी संध्याकाळची शिकवणी असते. एका शुक्रवारी मुलं आली नाहीत, मी लवकर घरी. बाबा खुर्चीत, हातात चहा, मांडीवर डबा, आणि खाली ठकी मागच्या पायांवर उभी. डब्यात ग्लुकोजची बिस्किटं. आख्ख्या जगातलं दुसरं कुठलं बिस्किट मिळालं नाही का!

"एकच दिलं," बाबा म्हणाले. ठकीच्या मिशांवर किमान तीन बिस्किटांचा चुरा होता.

इंदूरमध्ये कुणाला खाऊ घालू नका म्हणणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. इथे पोह्यांवर शेव, पोह्यांशेजारी जिलबी, आणि आल्यागेल्या कुत्र्यालाही त्यातला वाटा. बाबांना सांगून, रागावून, नवऱ्याकडून सांगवून झालं. मग मी त्याच डब्यात फरसबीचे उकडलेले तुकडे भरून ठेवले. ठकीला डब्याचं झाकण वाजल्याशी मतलब होता. ती तेवढ्याच भक्तीने उभी राहिली. बाबांनी एक तुकडा स्वतः खाऊन बघितला, मीठ नाही म्हणून तक्रार केली, आणि विषय मिटला.

दूध-पोळी बंद झाली. दोन्ही वेळा तेच कोरडं खाणं, काट्यावर तोलून 60 ग्रॅम, वर चमचाभर उकडलेला लाल भोपळा. आधी जेवण, मग सुई. जेवलीच नाही तर पूर्ण डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना फोन. आणि साखर चढलेली असताना उलट्या, न खाणं, मलूल पडणं असं दिसलं तर घरी थांबायचंच नाही, तसंच उचलून न्यायचं.

एप्रिलच्या एका रविवारी डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिवसभराचा आलेख काढला. दर दोन तासांनी कानाच्या कडेला ओल्या गरम फडक्याने शेकायचं, बारीक टोचायचं, मोहरीएवढा थेंब पट्टीला लावायचा. माणसांचं यंत्र कुत्र्याची साखर बहुधा थोडी कमी दाखवतं, ते डॉक्टर हिशेबात धरतात. सातला 312, मग 246, 178, एक वाजता 131, पुढे 148, 205, आणि संध्याकाळी सातला 289. डोस तेव्हा चार युनिट होता, लाल सुईचे खरे चार. तळ, म्हणजे दिवसातला सगळ्यात कमी आकडा, 80 ते 150 च्या मध्ये यायला हवा, तो आला. माणसासारखी साखर सदा शंभराच्या आसपास ठेवायचा हट्ट धरायचा नाही, हे मला त्या कागदाने पटवलं.

मधल्या दोन-दोन तासांत करायला काही नव्हतं, म्हणून मोबाइलवर वाचत बसले. 1889 मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. तेव्हा कळलं की रोगाचं मूळ कुठे आहे. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्टने कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन हाती आणलं, आणि जानेवारी 1922 मध्ये ते पहिल्यांदा एका मुलाला टोचलं. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ ठकीकडे बघत राहिले. मग डबा उघडून तिला एक फरसबी दिली. आलेखाच्या दिवशी मधलं खाणं चालत नाही, पण मी काही बोलले नाही.

एप्रिलअखेर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिची नसबंदी करून आणली. ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही. घडलं ते नंतर. ती संप्रेरकं गेली की इन्सुलिन जास्त लागू पडायला लागतं, साखर बघत राहा, असं सांगितलं होतं. मी बघत होते, पण दिवसाआड. मे महिन्यातली सकाळ, साडेअकरा. ठकी स्वयंपाकघरात आली ती दारू प्यायल्यासारखी. मागचे पाय एकमेकांत अडकत होते, नजर माझ्यावर पण मला ओळखत नसलेली. मग आडवी झाली आणि थरथरायला लागली. मी देवघराकडे धावले. पंचामृताची मधाची बाटली तिथे असते हे हातालाच ठाऊक होतं. घशात ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. बोटाने वरच्या हिरड्यांवर आणि ओठांच्या आतल्या बाजूने मध चोळला. पुन्हा चोळला. कानातून थेंब काढताना माझाच हात हलत होता. यंत्रावर 46.

दहा मिनिटांनी तिने माझं बोट चाटलं. नंतर थोडं खाणं दिलं, ते खाल्लं, आणि दवाखान्यात गेलो. डोस चारचा तीन झाला. मधाची एक बाटली आता ओट्यावर कायमची आहे, देवाची वेगळी.

पैशांचं विचारतात म्हणून सांगते: औषध महाग नाही, बाटली दोनशेच्या आत येते. खिसा रिकामा करतात त्या साखर मोजायच्या पट्ट्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवायच्या, टोपण घट्ट लावून. आमच्याकडे कचऱ्याच्या गाडीला घरातल्या घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात ती बाटली जाते. गाडीवरच्या भावाने पहिल्यांदा विचारलं, "बाबूजी की?" मी म्हटलं, "नहीं भिया, कुतिया की." त्यानंतर तो रोज तिची तब्येत विचारतो.

गणपतीच्या सुमारास तिच्या डोळ्यांत निळसर राखाडी ढग दिसायला लागले. डोळ्यांच्या भिंगात साखरेपासून सॉर्बिटॉल नावाचं द्रव्य तयार होतं, ते पाणी ओढतं आणि भिंग गढूळ होतं. साखर बरी असली तरी मधुमेही कुत्र्यांत हे फार जणांना होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन कुत्र्यांचंही होतं. आम्ही अजून ठरवलेलं नाही. आरास हलवली त्या दिवशी ती टेबलाच्या पायावर आपटली, तेव्हापासून सामान जिथल्या तिथे ठेवतो.

डिसेंबरात पुण्याला भाचीचं लग्न होतं. मी जाणारच नव्हते. काकू म्हणाल्या, "जा गं, दोन दिवसांनी काय होतंय, मी घरातल्याच एकाला रोज टोचते, दुसऱ्याला टोचलं तर काय बिघडलं." मी लाल टोपणाच्या सुया मोजून ठेवल्या, खाणं चार पुड्यांत तोलून ठेवलं, डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर चिकटवला, आणि मांडवात बसून सात वाजता घड्याळ बघितलं.

परत आले तर आधी कालनिर्णयाकडे गेले. दोन्ही चौकोनांत काकूंचं ठसठशीत अक्षर: "जेवली. सुई दिली." चारही वेळा. दुसऱ्या चौकोनात, अगदी कोपऱ्यात, बाबांच्या थरथरत्या हातातलं: "फरसबी 5."