दोन पेट्यांची एक पेटी, पावसाच्या आधी

मे महिन्याच्या सुरुवातीला आमच्या प्लॉटवर सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या, आता एकच आहे, आणि ती अशी गच्च भरलेली आहे की झाकण उचललं की हाताला आतली ऊब लागते. दोन वसाहती एकत्र कशा केल्या हे ओळखीतली तिघंचौघं विचारत होती, व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात सांगून प्रत्येक वेळी काहीतरी राहूनच जातंय, म्हणून इथं सगळं एकदाच लिहून टाकते.

आमचा प्लॉट कोल्हापूरजवळ, कळंब्याच्या पुढं. बांधावर जांभूळ आहे, शेवगा आहे, दोन आंबे, आणि त्यापलीकडं जिकडं बघाल तिकडं ऊस. ऊस बघायला हिरवागार, पण माशीच्या पोटाला त्यात जवळजवळ काहीच नाही. त्यात थंडी पडली की आजूबाजूची गुऱ्हाळं सुरू होतात आणि आमच्या माश्या तिकडं धावतात. जानेवारीत मी एका गुऱ्हाळावर मुद्दाम जाऊन बघितलं. गुळव्या काहिलीवरची मळी काढून बाजूला टाकत होता आणि त्या फेसात बारक्या बारक्या माश्या चिकटलेल्या, काही अजून पाय हलवत होत्या. त्या माझ्याच पेटीतल्या होत्या का कुणाच्या मोहोळातल्या होत्या ते कसं कळणार, पण घरी येऊन दोन नंबरची पेटी उघडली तर पोळ्याच्या पाच चौकटींवरच्या माश्या तीनवर आलेल्या. राणी चांगली होती, अंडी व्यवस्थित घालत होती, पण चरायला जाणाऱ्या माश्याच परत येत नसतील तर पिल्लांना खाऊ कोण घालणार आणि ऊब कोण देणार. मे उजाडेपर्यंत ती दोन चौकटींवर आली. एक नंबरची मात्र सात चौकटींवर जोरात होती.

पाटगावकडचे एक मामा आहेत, आयुष्यभर माश्याच सांभाळल्या त्यांनी (भुदरगडमधलं पाटगाव, मधाचं गाव म्हणून आता बऱ्याच जणांना माहीत आहे). त्यांना फोन केला तर म्हणाले, "पोरी, दोन चौकटीवाली पेटी पाऊस काढत न्हाई बग. आत्ताच जोड, श्रावणात जोडून काय उपेग न्हाई." आणि हे खरंच आहे. आपल्याकडं जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडायला मिळत नाही, फुलोरा नाही, आत ओल. माश्या कमी असल्या की पोळ्याचा मोकळा भाग राखायला कुणी नसतं, मग मेणकिडा शिरतो, जाळ्या करतो, आणि सातेरीचा स्वभाव असा की त्रास फार झाला की एक दिवस अख्खी वसाहत पेटी सोडून उडून जाते. लोक पेटीचा आकडा कमी होईल म्हणून थांबतात, मीही एक वर्ष थांबले होते, आणि सप्टेंबरात रिकामी पेटी बघून जे वाटलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

आता मुख्य अडचण. प्रत्येक वसाहतीचा आपला एक वास असतो. दारावरच्या पहारेकरी माश्या वासावरून आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखतात. दोन वर्षांपूर्वी मला हे नीट माहीत नव्हतं, भर दुपारी एका पेटीतल्या चौकटी उचलून सरळ दुसऱ्या पेटीत ठेवल्या होत्या. अर्ध्या तासात दारासमोर मारामारी, माश्या एकमेकींना धरून खाली पडत होत्या, आणि सकाळी तळावर मेलेल्या माश्यांचा थर. राणी तर माश्यांच्या सुपारीएवढ्या गोळ्यात सापडली. गांधीलमाशीला मारताना सातेरी जसा गोळा करून तिला आत कोंडते तसाच गोळा. बोटानं सोडवली पण गेली ती. त्या दिवसापासून मी एक ठरवलंय की वास हळूहळू मिसळू द्यायचा, घाई करायचीच नाही. सगळ्या पद्धतींचं मूळ तेच आहे.

यंदा कागदाची पद्धत केली, म्हणजे दोन वसाहतींच्या मध्ये कागद ठेवायचा, माश्या तो कुरतडून काढेपर्यंत वास मिसळतो. पण त्याच्या आधीचं काम जास्त दिवसांचं. पेट्या एकमेकींपासून पंधराएक फुटांवर होत्या. माशी पेटी ओळखते ती जागेवरून, त्यामुळं एकदम उचलून लांब ठेवली तर चरून आलेली माशी जुन्याच जागेवर येऊन घिरट्या घालते. म्हणून १२ मेपासून रोज संध्याकाळी, सगळ्या माश्या आत आल्यावर, कमजोर पेटी फूट-दीड फूट सरकवत गेले. साधारण बारा दिवसांत दोन्ही पेट्या शेजारी शेजारी आल्या. ह्या दिवसांत दोन्हीतली पिल्लंही तपासली, कारण रोग असलेली वसाहत कधीच जोडायची नाही, धडधाकट पेटीपण जाते. थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू आहे, त्यात अळी पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी होते आणि डोकं वर करून मरते. १९९० च्या दशकात त्यानं दक्षिणेत सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या, त्यामुळं तशी एक जरी अळी दिसली असती तरी मी जोडायचा विचार सोडला असता.

मग राणी. एका पेटीत दोन राण्या राहत नाहीत, एक काढावीच लागते, आणि ते माश्यांवर सोडलं तर भांडणात चांगली राणीच जखमी होऊ शकते, म्हणून आपणच ठरवायचं. एक नंबरची राणी यंदाची, तरणी, तिला ठेवलं. दोन नंबरच्या राणीला शोधायला मला पाऊण तास लागला. सातेरी जरा धूर जास्त झाला की सैरावैरा पळते आणि राणी त्या गर्दीत दिसतच नाही, म्हणून धूर अगदी नावाला दिला. सापडली ती चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, काळपट लांब पोट, आणि भोवती पाचसहा माश्या तोंडं तिच्याकडं करून उभ्या. मारायला हात झाला नाही. एका छोट्या पेटीत एक चौकट आणि मूठभर माश्या देऊन तिला बाजूला ठेवलं. मामांनीपण हेच सांगितलं होतं, जोडणी फसली तर निदान एक राणी हाताशी असावी.

राणी सकाळी काढली आणि जोडणी त्याच संध्याकाळी केली. तेवढ्या वेळात आतल्या माश्यांना राणी नसल्याचं कळतं, पेटीतला आवाजच बदलतो, एकसारखी गुणगुण जाऊन उसासे टाकल्यासारखा आवाज येतो. फार दिवस मात्र थांबायचं नाही, त्या नवीन राणीची कोठडी बांधायला घेतात. थांबावं लागलंच तर जोडायच्या आधी चौकटी बघून तशा कोठड्या मोडायच्या.

दिवस मावळल्यावर एक नंबरचं झाकण काढलं, चौकटींवर पुढारीचं एक पान पसरलं, दाभणानं दहाबारा बारीक भोकं पाडली आणि त्यावर कमजोर वसाहतीची कोठी, म्हणजे चौकटी असलेला खण, ठेवली. इथं एक लक्षात ठेवा, सातेरीच्या मधकोठीची (मध साठवायच्या वरच्या खणाची) उंची कमी असते, तिच्यात पिल्लांच्या चौकटी बसत नाहीत, त्यामुळं खालच्यासारखीच पूर्ण उंचीची दुसरी कोठी लागते. वरच्या माश्यांना बाहेर जायला दार नसतं, आणि मे महिन्यातला उकाडा, म्हणून झाकणाखाली बारीक तारेची जाळी ठेवली, नाहीतर गुदमरतात. कागदाला वरून बोटानं थोडं साखरपाणी लावलं. आणि हो, कोल्हापूर आहे म्हणून सांगते, गुळाचं पाणी देऊ नका, माश्यांना हगवण लागते, साखरच द्या.

दुसऱ्या दिवशी काहीच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारासमोरच्या फळीवर कागदाचा भुस्सा पडलेला, तांदळाच्या कणीएवढे करडे तुकडे, एकावर छापलेल्या अक्षराचा काना दिसत होता. एक माशी तसाच एक तुकडा तोंडात धरून उलट्या पायांनी ओढत आणत होती आणि काठावर आल्यावर तो घेऊन उडाली. मेलेल्या माश्या मोजल्या, अकरा. मी किती वेळ तिथं उकिडवी बसले होते कुणास ठाऊक, घरातनं दोन हाका आल्या तेव्हा उठले.

कागद नसेल तर दुसऱ्या रीतीपण आहेत. दोन्हीकडच्या माश्यांवर साखरपाण्याचा फवारा मारायचा, त्यात वेलचीचा किंवा बडीशेपेचा वास, मग चौकटी एकाआड एक लावायच्या. एकमेकींना चाटण्यात त्या गुंततात आणि वास झाकला जातो. काही जण मैदा भुरभुरतात. मला हे फुलोरा चांगला असताना ठीक वाटतं, मकरंद येत असतो तेव्हा माश्या तशाही नरम असतात. कागदाऐवजी मध्ये तारेची जाळी ठेवून तीन-चार दिवसांनी ती काढून घेणं हे सगळ्यात सुरक्षित, पण जाळी काढायला पेटी परत एकदा उघडावी लागते.

राणी जाऊन बरेच दिवस झालेल्या पेटीचं प्रकरण मात्र वेगळं. तिथं कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात, पोळ्याच्या एका घरात तीन-तीन चार-चार अंडी, तीपण तळाशी नाही तर भिंतीला, आणि त्यातनं फक्त नर निघतात. अशी पेटी राणीवाल्या पेटीला जोडली तर राणीच्या जिवाला धोका, म्हणून जोडायचीच असेल तर राणीला पाचसहा दिवस पिंजऱ्यात ठेवून मग सोडायची.

सहाव्या दिवशी मी आमची पेटी उघडली. कागदाची फक्त कडेची पट्टी उरली होती. माश्या वर-खाली बिनधास्त फिरत होत्या, मधल्या चौकटीवर ताजी अंडी, घराच्या तळाला सरळ उभी. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणजे राणी तीन दिवसांच्या आत तिथं फिरून गेलेली, तिला शोधत बसायची गरज नव्हती. वरच्या पिल्लांच्या दोन चौकटी खाली घेतल्या, खालच्या रिकाम्या पोळ्याच्या काढल्या, वरची कोठी उतरवली आणि झाकण लावलं.

मामांना फोन केला तर त्यांच्या एका पेटीची राणी नेमकी त्याच आठवड्यात गेलेली. म्हणाले, "तुझी बाजूला ठेवलीया ती आण की मग." काडीपेटीला दाभणानं भोकं पाडली, आत राणी, सोबत सहा माश्या आणि पिठीसाखर-मधाची बारकी गोळी. गारगोटीच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. ऊन लागू नये म्हणून काडीपेटी रुमालात धरून ओंजळीत ठेवली होती, मध्येच कानाला लावली की आत बारीक खुडबुड ऐकू यायची.