वाफसा

२२ जुलै, रात्रीचे पावणेबारा, लॅब

आज पाखऱ्याला गावाकडं आमच्या रानात नेलं होतं. पाखऱ्या म्हणजे आमचा रोबो, चार चाकं, वर लायडार म्हणजे लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर, पोटात रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, आणि सोयाबीनच्या दोन तासांमधल्या, म्हणजे ओळींमधल्या, ४५ सेंटीमीटर जागेतून एकही रोप न तुडवता जायचं एवढंच त्याचं काम. लॅबच्या फरशीवर दोन महिने झाले तो दोरी धरल्यासारखा सरळ जातोय. रानात बाराव्या मिनिटाला तास सोडून डावीकडं पिकात घुसला, सात-आठ रोपं मोडली. अण्णा बांधावर उभे होते, काहीच बोलले नाहीत, वाकून एक मोडलेलं रोप उचललं आणि बांधावर नीट ठेवलं. ते माझ्या डोळ्यासमोरून जातच नाहीये.

आल्याबरोबर लॉग काढून बसलो. परवा पाऊस झालेला, वरून रान सुकल्यागत दिसत होतं पण आपली काळी माती, दोन बोटं खाली नुसतं लोणी. एन्कोडर म्हणतोय ४० मीटर गेलो, टेप धरून मोजलं तर ३१. एन्कोडरला फक्त चाक किती फिरलं ते कळतं, पुढं सरकलं का जागच्या जागी फिरलं ते कळायचा त्याला मार्गच नाही. वर चाकाला चिखलाचे थर चढले, खाचा बुजल्या, घेर वाढला, म्हणजे एका फेऱ्याचं जे अंतर आम्ही धरलंय तेही चुकलं, आणि ही चूक घसरण्याच्या उलट्या बाजूची, त्यामुळं सरसकट एक आकडा वजा करून भागत नाही.

डावीकडची चाकं जास्त घसरली. एन्कोडरला वाटलं डावी बाजू पुढं गेली म्हणजे आपण उजवीकडं वळलो. वळण मोजणारा जायरो सांगत होता, आपण वळलोच नाही! पण सगळ्या सेन्सरचं म्हणणं एकत्र करून अंदाज काढणाऱ्या कालमन फिल्टरमध्ये कुणावर किती भरवसा ठेवायचा ते आकडे मी फरशीवर मोजून टाकलेले, फरशीवर एन्कोडर खरं बोलतो, म्हणून फिल्टरनं त्याचंच ऐकलं आणि न झालेलं वळण सरळ करायला पाखऱ्या डावीकडं वळला. पानं दोन्हीकडून मिटत आलीत, त्यामुळं लायडारलाही मधली वाट धड दिसत नव्हती. २००५ साली मंगळावर नासाचा ऑपॉर्च्युनिटी रोव्हर असाच वाळूत रुतला होता, चाकं फिरत राहिली आणि गाडी जागेवरच, बाहेर काढायला पाच आठवड्यांच्या वर गेले. हे मी सेमिनारमध्ये स्वतः सांगितलेलं आहे. तरी आपल्या रानात जाताना डोक्यात आलं नाही याचं वाईट वाटतं.

दुपारी भाकरी खाताना अण्णा म्हणाले, "वाफसा बघितलता का रे?"

वाफसा म्हणजे पावसानंतर रान काम करण्याइतपत सुकणं. मी विचारलं, तुम्ही कसा बघता? हात धुवायच्या आधी उठले, मूठभर माती उकरून दाबली, गोळा केला, कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. चपटा झाला पण फुटला नाही. "फुटला की वाफसा. आन् कोळपं धरलं की रुमण्यालाच कळतंय, हाताला जड लागाया लागलं की फासाला चिखल धरलाय. औत थांबवायचं, फास पुसायचा, मग पुढं."

रुमण्यालाच कळतंय. रुमणं म्हणजे तण काढायच्या कोळप्याचा हातात धरायचा दांडा, फास म्हणजे त्याचं मातीत चालणारं पातं. गाडीत येताना तेच डोक्यात घोळत होतं, आणि आत्ता तासाभरापूर्वी मोटारीच्या करंटची फाईल उघडली, जी आम्ही निव्वळ बॅटरी किती टिकते ते बघायला साठवतो. सुरुवातीला दोन अँपियर. तास सोडायच्या चार मिनिटं आधीपासून चढत चढत साडेतीन, आणि जिथं चाक घसरलंय तिथं खट्कन खाली. चिखल धरल्याचं मोटार चार मिनिटं सांगत होती, ऐकायची सोयच आम्ही ठेवली नव्हती.

आता बदल लिहून ठेवलाय, करंट चढला की एन्कोडरवरचा भरवसा कमी करायचा, फार चढला तर थांबायचं. चाकांना पत्र्याची खरवडणीही लावायची आहे, वर्कशॉपमधल्या काकांना सकाळी गाठतो. मॅडमना ग्राफ पाठवला, एवढ्या रात्री त्यांचा रिप्लाय आला, "रविवारी परत जा."

शनिवारी पाऊस सांगितलाय. रविवारी निघायच्या आधी अण्णांना फोन करून विचारणार, गोळा फुटतोय का.