फर्मवेअर नवे, आकडे जुने

माझ्या मॉडेलरमध्ये, म्हणजे गिटारच्या ॲम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रात, एक प्रीसेट (साठवून ठेवलेली जुळणी) आहे, जो मी गेली चार वर्षे जवळजवळ रोज वापरत आलो आहे. त्यात विशेष काही नाही: जोराने वाजवले की फुटणारा आणि हात हलका केला की स्वच्छ होणारा एक ट्यूब ॲम्प, त्याला जोडलेले दोन स्पीकरचे कॅबिनेट आणि किंचित रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. मागच्या महिन्यात फर्मवेअर (यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर मी सवयीने हाच प्रीसेट लावला, सहावी तार मोकळी छेडली आणि आवाज ओळखू येईना. खर्ज फुगला होता, आणि पिक तारेवर आदळताना जी एक कडक धार ऐकू येते ती बोथट झाली होती. पडद्यावर मात्र सगळे होते तसेच होते: गेन ४.२, बास ५.५, ट्रेबल ६, मास्टर ७.

अशा वेळी जे सुचते तेच मी केले, म्हणजे बासचा नॉब खाली आणत गेलो. तो २ वर आला तेव्हा फुगवटा गेला, पण त्याबरोबर आवाजातला जीवही गेला. मग ट्रेबल कमी केला, प्रेझेन्स वाढवला, कॅबिनेटचा माइक बदलला, आणि या खटपटीत दोन संध्याकाळी खर्ची पडल्या. अपडेटसोबतच्या माहितीपत्रकात काही ॲम्पच्या पॉवर विभागाची मांडणी नव्याने केल्याचे एका ओळीत स्पष्ट लिहिले होते. ती ओळ मी वाचली तिसऱ्या दिवशी.

प्रीसेटमध्ये आवाज साठवलेला असतो अशी आपली नकळत समजूत झालेली असते. प्रत्यक्षात तिथे फक्त कोणत्या ॲम्पचे मॉडेल वापरायचे हे आणि नॉबचे आकडे असतात. त्या आकड्यांचा आवाज करण्याचे गणित फर्मवेअरमध्ये असते. गणित बदलले की तोच आकडा वेगळे बोलू लागतो. दर्शनी सहा-सात नॉब डोळ्यांसमोर तरी असतात, पण त्यांच्या मागच्या पानांवर बायस, सॅग, स्पीकरचा अनुनाद अशी बरीच मूल्ये दडलेली असतात, आणि ती आपण केव्हातरी बदललेली असतात व विसरलेलीही असतात.

माझ्या प्रीसेटमध्ये सॅग ८ वर होता. ट्यूब ॲम्पमध्ये जोराचा स्वर आला की पॉवर ट्यूब एकदम जास्त करंट ओढतात, त्यांना मिळणारे व्होल्टेज क्षणभर खाली येते आणि मग सावरते. त्यामुळे स्वर आधी दबून मग फुलल्यासारखा वाटतो. या दबण्याचे प्रमाण म्हणजे सॅग. जुन्या फर्मवेअरमध्ये हा ॲम्प मला ताठर वाटत असे, म्हणून मी कधीतरी सॅग ५ वरून ८ वर नेला होता. नव्या फर्मवेअरमध्ये तो ताठरपणा मुळातच काढलेला होता, म्हणजे दुखणे गेले तरी औषध चालूच राहिले होते. अनुनादाचेही तसेच झाले. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, त्याच्या अनुनादाच्या कंप्रतेला वाढतो आणि ट्यूब ॲम्प तिथे अधिक जोर देतो. बारा इंची गिटार स्पीकरमध्ये ही जागा बहुधा ७५ ते ११० हर्ट्झच्या दरम्यान येते, आणि मोकळी सहावी तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. अनुनादाचा आकडा मी पूर्वी चढवून ठेवलेला असल्यामुळे सगळी सूज नेमकी त्या तारेवर आली होती.

हा नुसता तर्क नव्हता. एका जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारचा कोरा सिग्नल आणि मॉडेलरमधून आलेला आवाज असे दोन्ही ट्रॅक माझ्याकडे होते. रिव्हर्ब मात्र त्यात नव्हता, हे नशीब. कोरा ट्रॅक मी नव्या फर्मवेअरमधून पुन्हा सोडला, नवा आणि जुना आवाज नमुन्याला नमुना जुळवून एकावर एक ठेवले आणि एकाची पोलॅरिटी उलटी केली, म्हणजे त्याच्या लहरीचे चढ-उतार उलटे केले. दोन्ही सारखे असते तर जवळजवळ शांतता उरली असती. उरला तो मुख्यतः खर्जाचा धपधपाट, प्रत्येक जोरकस फटक्यानंतर किंचित मागाहून येणारा. अपडेट करण्यापूर्वी असा एक कोरा ट्रॅक आणि त्याचा प्रक्रिया झालेला आवाज जपून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

यानंतर करायचे होते ते फक्त त्या ॲम्पच्या ब्लॉकचे, म्हणजे प्रीसेटमधल्या तेवढ्याच भागाचे, रीसेट. बरेच जण इथे फॅक्टरी रीसेटकडे धाव घेतात, आणि मीही एकदा घेतली होती. त्यात सगळे प्रीसेट पुसले गेले, आउटपुटची पातळी जोरकस ‘लाइन’वरून क्षीण ‘इन्स्ट्रुमेंट’वर आली आणि एक्स्प्रेशन पेडलचे कॅलिब्रेशनही गेले. बॅकअप होता म्हणून निभावले, तरी मिक्सरवर आवाज इतका क्षीण का येतो हे शोधण्यात अर्धा दिवस गेला. ॲम्पचे रीसेट त्या एका ब्लॉकपुरतेच असते. काही यंत्रांत मॉडेल पुन्हा निवडले की दर्शनी नॉब तसेच राहून आतली मूल्ये मूळ पदावर येतात, काहींत सगळेच आकडे बदलतात. म्हणून आधी प्रीसेटची प्रत करून घ्यावी आणि रीसेट त्या प्रतीवर करावे.

अपडेटच्या प्रक्रियेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बॅकअप घ्यावा, यूएसबी केबल हबमधून न नेता थेट संगणकाला जोडावी, रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर बंद ठेवावे, आणि आतली मेमरी लिहिली जात असताना वीज तोडू नये. पुन्हा सुरू झाल्यावर काही यंत्रे जुने प्रीसेट नव्या रचनेत बसवत बसतात. तो पट्टा संथ सरकतो, त्याला सरकू द्यावे.

रीसेट केल्यावर आवाज लहान झाला आणि क्षणभर वाटले की जुनाच बरा होता. हा कानाचा नेहमीचा धोका आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले होते की आवाजाची पातळी बदलली की खर्जाची जाणीवही बदलते. त्यामुळे मोठा आवाज आपोआप भरदार वाटतो. मीटर पाहून दोन्ही प्रती एका पातळीवर आणल्या, आणि मग निवड अवघड राहिली नाही. बास ४.८, मास्टर ६, सॅग मूळचा ५. बाकी कशाला हात लावावा लागला नाही.

हाच ॲम्प वापरणारे आणखी नऊ प्रीसेट होते. त्यांतले आठ याच रीतीने सुधारले. नववा संथ लयीच्या एकल वादनासाठी आहे, आणि त्यात तो जादा सॅग स्वराला असा काही ओढून धरतो की त्याचे रीसेट मी केले नाही. नावापुढे फक्त सॅगचा आकडा, ‘आठ’, लिहून ठेवला.