ऐरोलीतल्या माझ्या दवाखान्याचा डिजिटल पत्ता

मी गेली अठरा वर्षे ऐरोलीत जनरल प्रॅक्टिस करते. मागच्या पावसाळ्यात एका प्रयोगशाळेने माझ्या एका रुग्णाचा हिपॅटायटिस-बीचा रिपोर्ट, मोबाईल नंबरातला एक आकडा चुकल्यामुळे, भलत्याच माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्या सज्जन माणसाने रिपोर्टवर माझे नाव वाचून मला फोन केला, म्हणून तरी ते कळले. माझ्या रुग्णाला समोर बसवून हे सांगताना त्याची मान खाली गेली होती, आणि तो प्रसंग मला अजून विसरता आलेला नाही.

रुग्णाच्या संमतीने त्याच्या आरोग्याच्या नोंदी डिजिटल मार्गाने पाठवण्याची सोय करणारे केंद्र सरकारचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन (एबीडीएम) २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले तेव्हापासून मी त्याविषयी ऐकत होते, पण ओपीडीच्या गर्दीत ते काम मागे पडत गेले होते. त्या फोननंतरच्या पहिल्याच रविवारी मी नोंदणीला बसले.

पहिली पायरी डॉक्टरच्या स्वतःच्या नोंदणीची. हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्रीमध्ये आधारच्या ओटीपीने ओळख पटवायची, वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक भरायचा, पदवीचे आणि नोंदणीचे प्रमाणपत्र अपलोड करायचे आणि पडताळणीची वाट पाहायची. माझे घोडे अडले ते नावावर, कारण आधारवर सासरचे आडनाव होते आणि परिषदेच्या प्रमाणपत्रावर माहेरचे. आधी परिषदेकडे नावाची दुरुस्ती करून घेतली आणि मगच पुढे सरकता आले. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टर मैत्रिणींना मी आता हे काम सर्वांत आधी उरकायला सांगते.

दवाखान्याची नोंद वेगळ्या ठिकाणी, म्हणजे हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीमध्ये होते. उपचारपद्धती, मालकी, नुसती ओपीडी आहे की खाटाही आहेत, कामाच्या वेळा, इमारतीचा आणि पाटीचा फोटो अशी माहिती त्यात द्यावी लागते. पत्ता भरताना नवी मुंबईकरांनी जरा थांबावे; ऐरोली, वाशी, नेरूळ हे भाग ठाणे जिल्ह्यातल्या ठाणे तालुक्यात येतात, खारघर मात्र रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात. नकाशावरची माझी खूण पहिल्यांदा शेजारच्या सेक्टरमध्ये पडली होती, ती सरकवून आमच्या इमारतीवर आणली. यथावकाश ‘आयएन’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक हाती आला आणि काम झाले असे मी धरून चालले.

ते झालेले नव्हते. आभा म्हणजे या व्यवस्थेतले रुग्णाचे आरोग्य-खाते; माझ्याच मोबाईलवरच्या आभा अॅपमध्ये दवाखान्याचे नाव शोधले, तर ते यादीत कुठेच दिसेना. यामागचे कारण समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते. या व्यवस्थेत रुग्णांच्या नोंदी कुठल्या एका मध्यवर्ती गोदामात ठेवलेल्या नसतात. ज्या दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत त्या तयार झाल्या तिथेच त्या राहतात, आणि रुग्णाने संमती दिली की एका ठिकाणाहून दुसरीकडे कूटबद्ध स्वरूपात जातात. त्यामुळे दवाखान्याला नुसता क्रमांक मिळून भागत नाही. त्या क्रमांकावर आलेल्या विनंतीला उत्तर देणारे सॉफ्टवेअर त्याच्याशी जोडलेले असावे लागते, आणि ते जोडले जाईपर्यंत बाहेरच्यांच्या दृष्टीने तो दवाखाना तिथे नसतोच.

माझ्याकडच्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याने ‘मॅडम, आमचे एबीडीएमचेच आहे’ असे छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात सॉफ्टवेअरला तीन टप्पे पार करायचे असतात, हे मला नंतर कळले. पहिल्यात रुग्णाचा आभा क्रमांक काढता आणि पडताळता येतो, दुसऱ्यात आपण तयार केलेली नोंद रुग्णाच्या आभाला जोडता येते, आणि तिसऱ्यात त्याच्या संमतीने दुसरीकडची नोंद मागवता येते. आमचे सॉफ्टवेअर पहिल्या टप्प्यावरच थांबलेले होते. मी ते बदलले. नव्या कंपनीशी बोलताना आधी तिन्ही टप्प्यांची विचारणा केली, मग किमतीची. जोडणी पूर्ण झाल्यावर मी पुन्हा अॅप उघडले, आणि या वेळी यादीत आमच्या दवाखान्याचे नाव होते. माझ्या कंपाउंडरलाही मी ते बोलावून दाखवले.

पहिली नोंद मागवली ती आमच्या जुन्या रुग्ण असलेल्या एका काकूंची. त्या चार दिवस रुग्णालयात राहून आल्या होत्या आणि डिस्चार्जचा कागद पुण्याला मुलाकडे राहिला होता. त्यांचा आभा क्रमांक रुग्णालयानेच काढून दिला होता, परंतु मोबाईल नंबर मुलाचा दिल्यामुळे ओटीपी पुण्याला गेला. त्याला फोन करून आधी नंबर बदलून घेतला. “डॉक्टर, माझे सगळे कागद सगळ्यांना दिसणार का?” असे त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न त्यांनी विचारला याचे मला मनापासून बरे वाटले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. कशासाठी हवे, कोणत्या प्रकारच्या नोंदी हव्यात, कोणत्या काळातल्या, आणि परवानगी कधी संपणार, हे सगळे संमतीच्या विनंतीत लिहिलेले असते. मी फक्त डिस्चार्ज समरी मागितली होती, तीही त्याच महिन्याची. त्यांनी नातीकडून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेतली आणि मग स्वतःच्या बोटाने मंजुरी दिली.

समरी उघडली तेव्हा त्यात मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.५, म्हणजे वाढलेले दिसले. काकूंची मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन जुन्याच डोसने चालू होती. मूत्रपिंडाचे काम त्या हिशेबाने मोजून तो डोस मी तिथेच निम्मा केला, आणि नवे प्रिस्क्रिप्शन त्यांच्या आभाला जोडून दिले.