स्कोलमचा 'फ' कुठून आला, ते कुणी सांगेना

एआयच्या पेपरसाठी फर्स्ट ऑर्डर लॉजिक, म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातले संबंध चिन्हांत मांडणारं तर्कशास्त्र, शिकायला बसलो. प्रेडिकेट (ठेला(क) सारखा गुण किंवा संबंध), क्वांटिफायर (∀ म्हणजे 'प्रत्येक', ∃ म्हणजे 'कुणीतरी आहे') वगैरे पटकन जमलं. ∀ सोबत 'जर-तर' (→) आणि ∃ सोबत 'आणि' (∧) एवढं पाळलं की बरंचसं निभतं. ∀क (ठेला(क) ∧ तर्रीपोहे_विकतो(क)) असं लिहाल तर आमच्या नागपूरचा झिरो माईलचा खांबही पोहे विकायला लागेल!

घोडं अडलं स्कोलमायझेशनला, म्हणजे स्कोलम या गणितज्ञाच्या नावाच्या, ∃ काढून त्याजागी नाव किंवा फंक्शन बसवण्याच्या पायरीला. क्लासच्या स्लाइडवर ∀क (ठेला(क) → ∃ख मालक(ख, क)), आणि खाली थेट ¬ठेला(क) ∨ मालक(फ(क), क) (¬ म्हणजे 'नाही', ∨ म्हणजे 'किंवा'). हा फ आला कुठून? सरांना विचारलं, तर "पायरी पाठ कर, मार्क मिळतात ना?" फी घेताना मात्र कन्सेप्ट क्लिअर करून देण्याची भाषा. राग अजून गेलेला नाही.

शेवटी बर्डीहून लोकमान्य नगरच्या मेट्रोत वही काढली. फ(क) नकोच म्हटलं, ख ला सरळ एक नाव देऊ, 'म'. मग ठेला(बर्डी) आणि ठेला(धरमपेठ) ही दोन तथ्यं टाकली. निघालं काय? मालक(म, बर्डी) आणि मालक(म, धरमपेठ). म्हणजे गावातले सगळे ठेले एकाच शेठजीचे! मूळ वाक्य असं कुठं म्हणतं? मालक ठेल्यागणिक बदलू शकतो, म्हणून त्याच्या नावात ठेला गुंफायचा: फ(बर्डी), फ(धरमपेठ). ते दोघे एकच निघाले तरी हरकत नाही, पण तशी सक्ती नको. ∃ख हा ∀क च्या आधी असता तर 'म' खुशाल चाललं असतं. पाच मिनिटांचं काम होतं हो हे सांगणं!

नवं वाक्य मूळ वाक्याशी तंतोतंत समान नसतं, पण विसंगती एकात असेल तर दुसऱ्यातही असते. रॉबिन्सन या तर्कशास्त्रज्ञाची १९६५ ची रेझोल्यूशन ही सिद्धतेची पद्धत शोधते ती विसंगतीच, म्हणून भागतं.

एसडब्ल्यूआय-प्रोलॉग हे लॉजिकचे नियम चालवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, जरूर बसवा. पण ही गाठ त्याने सुटत नाही. नियमाच्या डोक्यात (म्हणजे निष्कर्षाच्या भागात) 'कुणीतरी आहे' असं लिहिताच येत नाही, फ तुम्हालाच द्यावा लागतो.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: स्कोलमला हात लावण्यापूर्वी 'जर-तर' काढा आणि नकार (¬) कंसाच्या आत ढकला. ¬∀ चं ∃¬ होतं, आणि मग ज्याला फ लावायचा तो व्हेरिएबलच वेगळा निघतो.