चाळीसच्या ऐंशी पेट्या

आज चाकणच्या गोदामात बेअरिंगच्या ४० पेट्यांऐवजी ८० उतरल्या. गोदाम सांभाळणारे काका फोनवर म्हणाले, "अहो मॅडम, तुमचा रोबो दोनदा जेवला की काय?" रोबो नाही हो काका, तीन एजंट आहेत, म्हणजे आपापलं काम स्वतःहून करणारे एआय प्रोग्रॅम. एक साठा बघतो, एक खरेदी करतो, एक ट्रक ठरवतो.

एजंटांच्या कामाच्या नोंदी चाळण्यात दुपार गेली (डबा तसाच राहिला). साठ्याच्या एजंटने मागणी पाठवली, पोच यायला उशीर झाला, म्हणून त्याने तीच पुन्हा पाठवली. खरेदीवाल्याला ती नवी वाटली. दोघेही आपापल्या जागी बरोबर! प्रत्येक मागणीला एकच कायमचा क्रमांक असता, तर दुसरी आपोआप बाद झाली असती. तो द्यायचा मीच विसरले होते.

अनेक प्रोग्रॅमचा ताळमेळ बसवायचं हे दुखणं तसं जुनंच. एकाने काम जाहीर करायचं, बाकीच्यांनी बोली लावायची, ही 'काँट्रॅक्ट नेट' पद्धत संगणकशास्त्रज्ञ रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडली. अर्धवट फसलेला व्यवहार उलट्या पावलांनी निस्तरायची 'सागा' पद्धत १९८७ ची. आम्ही मात्र एलएलएम (चॅटबॉटमागचं भाषेचं एआय मॉडेल) जोडलं आणि म्हटलं, झालं काम.

जादा पेट्या परत पाठवायचा ट्रक शेवटी काकांनीच ठरवला. फोनवरून, दहा मिनिटांत.