टाकीत वाळू पडली एकदाची

आज सुट्टीचा सगळा दिवस माशांच्या टाकीसाठी वाळू धुण्यात गेला, पण लई भारी वाटतंय. बादलीतलं पाणी नितळ होईपर्यंत धुतली. त्याआधी चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघितलं. फेस आला असता तर चुना आहे, म्हणजे पाण्याचा पीएच चढणार. आला नाही. थर 2 इंचांच्या आतच ठेवलाय. जाड थरात खाली ऑक्सिजन पोचत नाही, विषारी वायू साठू शकतो.

आणि कोरीडोरास, म्हणजे तळाशी फिरणारे ते छोटे मिशीवाले मासे! डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतात, खाणं वेचतात, वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतात. कल्ल्याशी धुरासारखी बारीक रेघ उठते. टोकदार खडीनं त्यांच्या मिशांना इजा होऊ शकते, हे दुकानवाल्यांनी गिऱ्हाईकाला सांगायलाच पाहिजे. रंकाळ्यावर बोलावणाऱ्या मित्रांनो, आज काही जमणार नाही, मी टाकीसमोरनं हलत नाही.